सही करण्याआधी खोकं बघा : शाळेत येणारा मोठा आणि नाजूक माल कसा ताब्यात घ्यावा



मार्च महिना लागला की आपल्या शाळांच्या फाटकाशी टेम्पो यायला लागतात. निधी खर्ची पडायचा असतो, बिलं जायची असतात, आणि वर्षभर ज्याची वाट बघितली तो माल नेमका वार्षिक परीक्षेच्या गडबडीत येऊन उभा राहतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांत वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांतही आता फळ्याशेजारी मोठं डिजिटल पॅनेल दिसतं. कुठं ते रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कंपनीच्या सीएसआरमधून आलेलं असतं, कुठं ग्रामपंचायतीच्या निधीतून, तर कुठं गावानं लोकवर्गणी काढून घेतलेलं. पॅनेल नसेल तर विज्ञानाच्या साहित्याची काचेची कपाटं असतात, मोठा आरसा असतो, सौर पॅनेल असतात. वस्तू कुठलीही असो, ती ताब्यात घेताना पहिली सही मुख्याध्यापकांची किंवा त्या दिवशी हजर असलेल्या शिक्षकाची होते. त्या सहीबद्दल आज लिहायचं आहे, कारण डीएडला आपल्याला पाठ टाचण शिकवलं, माल कसा उतरवून घ्यायचा हे काही कुणी शिकवलं नाही.

आमच्या भागातल्या एका शाळेचं उदाहरण सांगते. नाव देत नाही. पॅनेल मार्चअखेरीस आलं, सरांनी चलनावर सही केली, खोकं ऑफिसात भिंतीला टेकवून ठेवलं. पुढं परीक्षा, निकाल, सुट्टी. जूनमध्ये खोकं उघडलं तर पुढची काच अगदी शाबूत, एक ओरखडा नाही, पण चालू केल्यावर पडद्याच्या डाव्या बाजूला शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून निघालेल्या उभ्या रेघा. विक्रेता म्हणाला, तुम्ही माल चांगल्या स्थितीत मिळाल्याची सही दिली आहे. वाहतूकवाले म्हणाले, तीन महिन्यांत तुमच्याच शाळेत काय झालं ते आम्हाला काय माहीत. दोघांचं बोलणं ऐकायला वाईट वाटतं, पण कागदावर दोघांचीही बाजू भक्कम होती. ते पॅनेल अजून कपाटामागं उभं आहे, आणि वर्गणी दिलेली माणसं शाळेत आली की आधी त्याच्याकडे बघतात.

यात समजून घ्यायची गोष्ट एकच आहे. माल 'मिळणं' आणि माल 'स्वीकारणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या रोजच्या बोलण्यात दोन्हीला 'माल घेतला' असंच म्हणतात, म्हणून घोळ होतो. कायद्यात मात्र हा फरक जुना आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं ४१ वं कलम सांगतं की जो माल आपण आधी पाहिलेला नाही, तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत आपण तो स्वीकारला असं धरलं जात नाही. पण लगेच पुढचं, ४२ वं कलम आहे. आपण विक्रेत्याला 'स्वीकारला' असं कळवलं, किंवा वाजवी वेळ उलटून गेला तरी नाकारल्याचं न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. म्हणजे तपासायचा हक्क आहे, पण तो गप्प बसून टिकत नाही. चलनावर 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' असं आधीच छापलेलं असतं, आणि त्याखाली आपण सही करतो तेव्हा ते वाक्य आपलं होतं. अशा सहीनं सगळे दरवाजे बंद होतात असं नाही, पण पुढं प्रत्येक ठिकाणी आधी त्या सहीचा खुलासा द्यावा लागतो.

सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर ज्यांनी काम केलं आहे त्यांना हे लवकर पटेल. तिथं माल पोचल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र वेगळं असतं आणि तपासून स्वीकारल्याचं प्रमाणपत्र वेगळं. दुसऱ्यासाठी १० दिवस दिलेले असतात. गावच्या वर्गणीतून खरेदी करताना ही दोन पावलं आपणच पाळायची.

टेम्पो येण्याआधी

निम्मं काम इथंच होतं. ऑर्डर देताना विक्रेत्याकडून लिहून घ्या की माल शाळेत जागेवर पोचवून, बसवून, चालू करून द्यायचा आणि तोवरची जोखीम विक्रेत्याची. हे नसेल, आणि वाहतूक आपणच ठरवली असेल, तर वाटेतलं नुकसान बहुतेक वेळा आपल्या गळ्यात येतं. कारण वेगळं काही ठरलेलं नसेल तर माल वाहतूकदाराच्या हवाली केला म्हणजे ग्राहकाला दिला, असं कायदा सकृद्दर्शनी मानतो.

मग विमा. 'ट्रान्सपोर्टवाला भरून देईल' हा समज मी फार ठिकाणी ऐकला आहे. रस्त्यानं मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम बघा. बिल्टी करताना मालाची किंमत सांगून जास्त जोखमीचा दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंतच मर्यादित राहते. समजा भाडं १,५०० रुपये झालं. तर दहा पट म्हणजे १५,०००. आता तुमच्या पॅनेलचं बिल काढून शेजारी ठेवा. म्हणून विक्रेत्याला एक साधा प्रश्न विचारा : वाटेतला विमा कुणी काढला आहे आणि त्याची प्रत मिळेल का?

तिसरी तयारी टेपची. ७५ इंची म्हणतात तो पडद्याचा कर्ण. १६ : ९ या प्रमाणानं रुंदी निघते साधारण १६६ सेंटिमीटर आणि उंची ९३. खोकं त्याहून मोठं. ते उभंच न्यायचं असल्यामुळे वर्गाच्या दारातून सरळ आत जातं, अडचण येते ती अरुंद व्हरांड्यातून दाराकडे वळताना. तिथं अडकलं की माणसं 'जरा आडवं करा हो' म्हणतात, आणि घात होतो. तेव्हा आदल्या दिवशीच वळण मोजून ठेवा. पाचवी ते सातवीचा वर्ग असेल तर हे मोजमाप मुलांकडून करून घ्या, पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा त्यांना जास्त आवडतं.

उभंच का? नगर रस्त्यावरून काच नेणारे टेम्पो तुम्ही पाहिले असतील. काचेचे ताव कधी आडवे रचलेले नसतात, तिरक्या चौकटीला टेकवून उभे असतात. आडवा ताव स्वतःच्याच वजनानं मध्ये वाकतो, आणि प्रत्येक खड्ड्याला वर-खाली लवतो. उभ्या तावाचं वजन त्याच्याच पातळीत खालच्या कडेवर उतरतं. अमेरिकेत पालोमारच्या दुर्बिणीसाठी ओतलेली २०० इंची, म्हणजे पाच मीटर व्यासाची काच १९३६ साली रेल्वेनं नेली, तीही खास खोलगट वॅगनमध्ये उभी करूनच. तिथं पुलांखालून आणि बोगद्यांतून जागा पुरावी हाही हिशेब होता. गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आतच ठेवला होता. आपल्याकडे पाटस-दौंड किंवा चौफुला-न्हावरा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून येणाऱ्या टेम्पोला वेगमर्यादा सांगायची गरज नाही म्हणा, पण गतिरोधक कुणाला चुकलेत?

टेम्पो आल्यावर

पुण्याहून किंवा भिवंडीहून मोठ्या गाडीत आलेला माल वाटेत एखाद्या गोडाऊनला उतरतो, आणि तिथून छोटा हत्ती किंवा पिकअपमध्ये चढून आपल्या शाळेपर्यंत येतो. म्हणजे किमान दोनदा चढ-उतार. नुकसान चालत्या गाडीत होतं तेवढंच या चढ-उतारातही होतं. म्हणून खोकं गाडीत असतानाच त्याच्याकडे नीट बघा आणि तिथलाच पहिला फोटो काढा. उभं आहे की आडवं झोपवलंय? वरच्या दिशेचे बाण वर आहेत का? त्याच्यावर दुसरं काही रचलंय का? पेल्याचं चित्र म्हणजे नाजूक, छत्रीचं चित्र म्हणजे ओल नको, ही चिन्हं जगभर सारखीच असतात. काही खोक्यांवर धक्का किंवा कलणं दाखवणारं छोटं स्टिकर असतं. जोराचा धक्का बसला की ते लाल होतं. लाल झालं म्हणजे आतली वस्तू फुटलीच असं नाही, आणि पांढरं आहे म्हणजे शाबूतच असंही नाही. पण लाल दिसलं तर कागदावर नोंद झाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

उतरवताना चार मोठी माणसं हवीत. एवढ्या पॅनेलचं वजन खोक्यासकट पन्नास किलोच्या पुढं जातं. मुलांना त्या वेळी वर्गात बसवा आणि दार लावा. सातवीची धडधाकट पोरं 'बाई, आम्ही धरतो' म्हणत पुढं येतात, त्यांना अजिबात धरू देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा एखादे पालक सदस्य यांना मात्र आवर्जून बोलवा. उचलायला नव्हे, साक्षीला.

खाली उतरल्यावर खोक्याच्या सहाही बाजू बघायच्या, तळसुद्धा, कारण उभ्या खोक्याचं सगळं दुखणं तळाच्या दोन कोपऱ्यांत असतं. दबलेला कोपरा, ओला होऊन वाळलेला पुठ्ठा, तुटलेली पट्टी, मूळ चिकटपट्टीवर मारलेली दुसरी चिकटपट्टी, हे सगळं बोलकं असतं. हलकेच हलवून कान द्या. काचेचा चुरा असेल तर आवाज लपत नाही. खोक्यावरचा अनुक्रमांक चलनावरच्या क्रमांकाशी जुळवा, गाडीच्या नंबरप्लेटचाही फोटो घ्या.

इथं ड्रायव्हरची घाई सुरू होते. "बाई, सही करा पटकन, अजून दोन ठिकाणी माल टाकायचाय." त्याचं चुकत नाही. त्याला फेऱ्यांचे पैसे मिळतात, वेळेचे नाही. आणि खोकं त्यानं पॅक केलेलं नसतं. त्याच्याशी भांडू नका. सावलीत बसवा, चहा द्या, आणि शांतपणे सांगा, "दादा, वीस मिनिटं लागतील, तुमच्यासमोरच बघू म्हणजे तुमच्यावरही नाव यायला नको." हे वाक्य बहुतेक वेळा चालतं, कारण ते खरंच त्याच्या फायद्याचं असतं.

आता खोकं उघडायचं की नाही? विक्रेत्याची किंवा कंपनीची अट आधी वाचा. काही कंपन्या आपला तंत्रज्ञ आल्याशिवाय खोकं उघडायला मनाई करतात, उघडलं तर वॉरंटीचा वाद होतो. तशी अट असेल तर फक्त बाहेरून तपासा आणि चलनावर तसं लिहा : 'खोके बंद स्थितीत मिळाले, बाहेरून नुकसान दिसत नाही, आतील वस्तू तपासलेली नाही, तपासणी कंपनीच्या तंत्रज्ञासमोर होईल.' आणि तंत्रज्ञ कोणत्या तारखेला येणार हे त्याच दिवशी लेखी मागवा. अशी अट नसेल तर ड्रायव्हरसमोरच उघडा. याला वाहतुकीच्या धंद्यात 'ओपन डिलिव्हरी' म्हणतात. ड्रायव्हरला ती देण्याचा अधिकार नसतो, तो गोडाऊनला फोन करायला सांगेल, तर करा. दौंडकरांसाठी एक गोष्ट : रेल्वेनं आलेलं पार्सल जंक्शनवर खराब किंवा छेडछाड झालेल्या स्थितीत दिसलं, तर ओपन डिलिव्हरी मागायचा हक्क १९८९ च्या रेल्वे कायद्यातच, ८१ व्या कलमात दिलेला आहे. तिथं मागितली तर द्यावीच लागते.

उघडताना पहिल्या कटापासून शेवटपर्यंत एकच व्हिडिओ, मध्ये न थांबवता. कटरचं पातं अगदी थोडं बाहेर काढा. मोठ्या खोक्यांना बऱ्याचदा तळाशी प्लास्टिकच्या क्लिपा असतात, त्या काढल्या की वरचं खोकं टोपीसारखं सरळ वर उचलता येतं. पॅनेल चौकटीला धरायचं, पडद्याला हात नाही. मोबाईलचा टॉर्च काचेवर तिरका धरा, समोरून न दिसणारा ओरखडा लगेच चमकतो. कडा आणि कोपरे जास्त वेळ बघा. पुढची काच कडक केलेली असते. ती मधोमध बराच मार सोसते, पण कडेला टवका उडाला की कधीतरी अचानक संपूर्ण काचेचा चुरा होतो.

मात्र काच बघून तपासणी संपत नाही. डिजिटल पॅनेलमध्ये चित्र दाखवणारा पडदा त्या कडक काचेच्या मागं असतो आणि तो तिच्यापेक्षा कितीतरी नाजूक असतो. काच शाबूत आणि पडदा फुटलेला, हे सहज घडतं. वर सांगितलेल्या शाळेत हेच झालं होतं. तेव्हा चालू करून बघितल्याशिवाय तपासलं असं म्हणूच नका. वीज गेली तर काय, हा प्रश्न आपल्या भागात आधीच सोडवून ठेवावा लागतो, इन्व्हर्टरची किंवा शेजारच्या जनरेटरची सोय बघून. पॅनेल आधाराशिवाय उभं करू नका, भिंतीजवळ दोघांनी धरूनच चालू करा. पूर्ण पांढरा, मग काळा, लाल, हिरवा, निळा असे पडदे दाखवा. हे पाच रंग मोबाईलवरून किंवा पेनड्राइव्हवरून आधीच तयार ठेवता येतात. डाग, रेघा, मेलेले ठिपके यांत उघडे पडतात. चारही कोपऱ्यांत आणि मध्ये बोटानं रेघ ओढून स्पर्श चालतो का ते बघा. रिमोट, पेन, वायरी, भिंतीचा स्टँड आणि त्याचे बोल्ट मोजा. बोल्ट कमी निघाले तर तंत्रज्ञ परत जातो आणि आठवडा जातो.

काय लिहायचं

'तपासणीच्या अधीन राहून' एवढंच मोघम लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. काही न लिहिण्यापेक्षा बरं, पण त्यातून काय दिसलं ते कळत नाही. जे दिसलं तेच लिहा. 'खोक्याचा खालचा डावा कोपरा तीन बोटे दबलेला. त्या बाजूची पट्टी तुटलेली. धक्क्याचे स्टिकर लाल. चालू केल्यावर पडद्यावर डावीकडे दोन उभ्या रेघा.' तारीख, वेळ, गाडी नंबर. ड्रायव्हरची सही त्याखाली घ्या, आणि हा शेरा चलनाच्या व बिल्टीच्या प्रत्येक प्रतीवर लिहा, फक्त आपल्याजवळ राहणाऱ्या प्रतीवर नाही. मोबाईलच्या पडद्यावर बोटानं सही मागितली तर आधी शेरा टाकायची जागा मागा. नसेल तर सहीसोबतच्या रकान्यात 'डॅमेज' एवढा शब्द तरी टाका आणि लगेच विक्रेत्याला फोटोसह संदेश पाठवा.

नुकसान दिसलं तर परत पाठवायचं की ठेवून घ्यायचं? माझं मत असं : वाहतूक विक्रेत्यानं केलेली असेल तर 'नुकसान असल्याने स्वीकारले नाही' असं लिहून सरळ परत. माणसं भिडेपोटी ठेवून घेतात आणि मग पुढचे सहा महिने फोन करत बसतात. पण वाहतूक आपणच ठरवलेली असेल तर नाकारलेला माल गोडाऊनला पडून राहतो, त्याचं भाडं आपल्यावर चढतं, आणि तिथं त्याची राखण कोण करणार? अशा वेळी शेरा मारून उतरवून घ्या, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि सर्व्हेयर येईपर्यंत काहीही हलवू नका. आणि एक, माल नाकारल्यावर तो विक्रेत्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी आपली नसते. वेगळं ठरलेलं नसेल तर नाकारलं हे कळवणं पुरेसं, असं ४३ वं कलम म्हणतं. 'तुम्हीच भाडं भरून पाठवा' असं कुणी फोनवर म्हटलं तर हे कलम लक्षात असू द्या.

गाडी गेल्यावर नुकसान सापडलं तरी हात टेकायचे नाहीत, पण घड्याळ चालू झालेलं असतं. बिलाच्या मागं बारीक अक्षरात कळवण्याची मुदत छापलेली असते, ती दोन-तीन दिवसांचीच असू शकते. विक्रेत्याला त्याच दिवशी ईमेल करा, व्हॉट्सॲपही चालेल, आणि पाठोपाठ पत्र स्पीड पोस्टानं. रस्ता वाहतूकदारावर दावा करायचा झाला तर त्याला लेखी नोटीस १८० दिवसांच्या आत मिळालेली असली पाहिजे, आणि हे दिवस बुकिंगच्या तारखेपासून मोजतात, माल मिळाल्यापासून नाही. रेल्वेसाठी ही मुदत सहा महिने आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बुक झालेला माल जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यावर बघितला, तर निम्म्याहून जास्त दिवस सुट्टीतच संपलेले असतात. नुकसानभरपाईसाठी कुठं जायचं हे कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथं सल्ला मिळतो.

मुलांसाठी यात एक छान पाठ दडलेला आहे. चौथी-पाचवीला रिकामं खोकं देऊन त्यावरची चिन्हं ओळखायला सांगा, मग प्रत्येकानं एक 'पोचपावती' लिहायची, फक्त जे डोळ्यांना दिसतं तेवढंच. 'खोकं खराब आहे' असं लिहिलं की विचारायचं, खराब म्हणजे कुठं, किती? वर्णनलेखनाचा सराव इतका नेमका दुसऱ्या कशात होत नाही.

डेडस्टॉक रजिस्टरला नोंद घालताना माल मिळाल्याची तारीख आणि तपासून स्वीकारल्याची तारीख वेगवेगळी लिहा, शेऱ्यात अनुक्रमांक आणि समितीच्या हजर सदस्यांची नावं घ्या. खोकं आणि थर्माकोल लगेच टाकू नका. परत पाठवायची वेळ आली तर कंपनी मूळ पॅकिंग मागते, आणि सर्व्हेयरलाही तेच बघायचं असतं. निदान महिनाभर ठेवा, जमिनीपासून वर, कारण ऑफिसातल्या उंदरांना थर्माकोल भारी आवडतं.